उसनं मूळ

माझं लग्न २०१४ साली झालं आणि मी गंजाडहून तलासरीच्या पूर्वेकडच्या एका डोंगराळ पाड्यावर राहायला आले. माहेरी सपाट भातशेती. इथे मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चढच सुरू. माझ्या नाकावर कायम राग असतो, हे माझ्या काकांनी लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. त्यावर सासू एवढंच म्हणाली होती, "राग चालंल. आळस नको."

सासू सुईण होती. पाड्यातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली होती आणि रस्त्यात भेटली की अजूनही तिच्यासमोर जरा वाकूनच बोलायची. मी बारावी शिकलेली. वर्षभरात मला अंगणवाडीत सेविकेचं काम मिळालं आणि गरोदर बायकांना वेळेवर दवाखान्यात पाठवणं हा माझ्या कामाचाच भाग झाला. थोडक्यात, सासूचं दुकान सुनेने बंद केलं. शेजारणी यावरून आम्हा दोघींना चिडवायच्या. सासू हसायची. मी चिडायचे.

दुकान बंद झालं तरी एक गोष्ट तिने सोडली नाही. घरामागच्या डोंगरावर, एका मोठ्या कातळाच्या आडोशाला कळलावीचं झाड होतं. पावसाळ्यात येणारी नाजूक वेल, लाल-पिवळी फुलं, आणि पाऊस संपला की वरून सगळी वाळून जाणारी. तिचा जीव जमिनीखाली असतो, दोन फाट्यांच्या कंदात. हा कंद जहरी. बोटभर पोटात गेला तरी माणूस वाचायची खात्री नाही. म्हणून आमच्याकडे तो कुणी उगाळत नाही, खात नाही. बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की कच्च्या सुताने तिच्या डाव्या पायाच्या घोट्यावर बांधतात. मूल बाहेर येऊन रडलं की त्याच क्षणी सोडायचा. ओढायचं एवढंच त्याला कळतं, थांबायचं कळत नाही, असं सासू म्हणायची. वेळेवर सोडला नाही तर मुलामागून बाईलाही ओढत नेतो.

सासू त्या झाडाचं नाव कधीच घ्यायची नाही. 'वरची' म्हणायची. वरची आली, वरची फुलली, वरची झोपली. मला आधी वाटलं, डोंगरावर कुणी म्हातारी राहते.

आणि मूळ कायमचं आणायचं नसे. घरात कुणाचे दिवस भरत आले की आदल्या संध्याकाळी वर जाऊन तांदळाचे चार दाणे ठेवायचे, कुणासाठी हवंय ते सांगायचं, आणि सकाळी खणून आणायचं. घरात ते त्याच जागेच्या मातीत, गाडग्यात ठेवायचं. बाळंतपण झालं की परत नेऊन त्याच खड्ड्यात, होतं तसंच पुरायचं. पावसात वेल पुन्हा उगवायची. सासूच्या सासूने, तिच्या सासूने, सगळ्यांनी याच झाडाकडून मूळ उसनं आणलं होतं आणि परत केलं होतं. माझा नवराही त्याच मुळावर जन्मलेला. मला हे ऐकून हसू यायचं, पण एक मान्य करायचे. औषध काढून पुन्हा पेरायची ही रीत ज्याने घातली तो माणूस वेडा नव्हता.

कारण बाकीच्या डोंगराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरातच्या बाजूने टेम्पो यायला लागले. त्यातली माणसं अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलायची, "मूळियां आपो, सरस माल जोईये," म्हणजे मुळं द्या, चांगला माल हवा, आणि कळलावी, शतावरी, सफेद मुसळी, जे जमिनीखाली असेल ते गोणीत भरून न्यायची. खणणारे आमचेच लोक होते. दोन पावसाळ्यांत उतारावर नुसते खड्डे राहिले. त्या खड्ड्यांत पाणी साठायचं, आणि सासू त्यांच्या कडेने चालताना डोक्यावर पदर घ्यायची. कातळामागची वरची तेवढी राहिली, कारण तिकडे जायला लोक भ्यायचे. त्या भीतीचा उपयोग झाला म्हणायचा.

डहाणूच्या बाजूला काही मंडळींनी औषधी झाडांची रोपवाटिका काढली होती. तिथली एक बाई आमच्याकडे येऊन गेली. शांत, समजूतदार बाई. म्हणाली, हे एकच झाड उरलं असेल तर त्याचा कंद आम्हाला द्या, आम्ही वाढवतो, पुढे तुमच्याच डोंगरावर परत लावू. मला पटलं. सासूला नाही. "पिशवीत तिला झोप नाय लागायची," ती म्हणाली. यावरून मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, त्याने मला जास्तच राग यायचा.

२०१८ चा पाऊस संपला आणि माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं सासर कैनाडला. पोर हसरी, माझ्याहून बरीच लहान, मोबाइलवर गाणी लावून घर डोक्यावर घेणारी. भात झोडून झाला होता, वरची वाळून गेली होती. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण लेकीच्या काळजीने सासूने या खेपेला घाई केली. एका संध्याकाळी ती तांदूळ घेऊन वर गेली आणि सकाळी मूळ घेऊन उतरली. गाडगं तिने चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जमीन हलायला लागली.

आमच्या भागातल्या लोकांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आधी आवाज यायचा. लांब कुठे सुरुंग लावावा तसा, पण लांबून नाही, पायाखालून. मग भांडी वाजायची, कुडाच्या भिंतीवरचं सारवण भुरभुरायचं, आणि संपायचं. कधी दिवसाला एकदा, कधी अनेकदा. कोंबड्या आत यायला तयार नसत. मोठी माणसं अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागली. मी अंगणवाडीतली पोरं आंब्याखाली बसवायचे आणि त्यांना गाणी म्हणायला लावायचे. आवाज आला की पोरं गाणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघायची. मी गात राहायचे. शहरातून माणसं आली, यंत्रं लावली, समजावून सांगितलं. सगळं खरं असणार. पण समजावून सांगितल्याने जमीन थांबत नव्हती.

 सासूने गाडग्याकडे लक्ष ठेवायला सुरुवात केली. हादऱ्याने घरातली सगळीच भांडी सरकायची. पण बाकीची भांडी कुठेही सरकत, हे गाडगं मागच्या दाराकडेच सरके. सासू ते उचलून कोपऱ्यात ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दाराच्या वाटेवर हातभर पुढे आलेलं असे. मी तिला म्हटलं, जमिनीला उतारच तिकडे आहे. ती म्हणाली, "हो ना. उतार मागच्या दाराकडे, आणि मागं चढ." मी उठून बघितलं. खरंच घराची जमीन मागच्या दाराकडे किंचित उतरती होती. माझं म्हणणं बरोबर होतं, तरी मला काही बरं वाटलं नाही.

एके दिवशी तिने मनातलं बोलून टाकलं. "मी लवकर आणलं. वरची मागते आहे तिचं."

"मग देऊन टाका परत!" मी ओरडले. "दवाखाना आहे, डॉक्टर आहेत. त्या विषाचं काय करायचंय?"

"आणि पोरीचं काय? तिच्या नावानं सांगून आणलंय. आता तसंच परत ठेवलं तं ती पोरीलाच धरंल."

म्हणजे ठेवलं तर डोंगर मागतो, परत दिलं तर लेक जाते. इकडे आड तिकडे विहीर. मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. राग आला की मी तेच करते, त्या हिवाळ्यात आमच्याकडे सरपणाची चणचण कधी पडली नाही.

कळा सुरू झाल्या त्या एका दुपारी, थंडी सरता सरता. नवरा उंबरगावला कंपनीत कामावर होता. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला, पण ती दुसरीकडे गेलेली, म्हणून पाड्यातली जीप ठरवली. सासूने अंगणातच नणंदेच्या पायावर मूळ बांधलं. बांधत असतानाच जमिनीखाली आवाज झाला. सगळे थबकले. सासूने मान वर केली नाही, गाठ पुरी केली आणि माझा दंड धरला. "आत मला घेणार नाय. तू सेविका, तुला घेतील. पोर रडलं की लगेच सोड. कापायचं नाय, सोडायचं. वचन दे." मी दिलं. तेवढ्यासाठी वाद घालायची ती वेळ नव्हती.

दवाखान्यात सगळं नीट झालं, हे मी आधी सांगते. तिथली माणसं चांगली होती. मला खरंच आत उभं राहू दिलं. मुलगी झाली आणि खणखणीत रडली. मी वचनाला जागून पायाकडे वळले. सूत होतं. गाठ होती तशी होती. मूळ नव्हतं.

मी चादर उचलली, खाली बघितलं, पाय चाचपला. सुताचा फास घोट्यावर रिकामाच ढिला पडला होता. तेवढ्यात रक्त जास्त जातंय म्हणून गडबड उडाली, सिस्टरने मला बाजूला केलं, सुई टोचायची, सलाइन लावायचं, पायाकडचं सगळं मोकळं करायचं. तिने कात्रीने ते सूत कापलं आणि टोपलीत टाकलं. रक्त थांबलं. नणंद झोपली.  बाहेर सासू बाकावर बसली होती. तिने 'मुलगी का मुलगा' विचारलं नाही. "सोडलंस?" म्हणाली.

मी खरं ते सांगितलं. मूळ सापडलं नाही. सूत सिस्टरने कापलं.

ती बाकावरून उठली. मग म्हणाली, "कापलेलं सुटत नाय, पोरी. हे टोक गेलं. दुसरं टोक आहे तिथंच राहिलं."

जीपमध्ये शोधलं, अंगणात शोधलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर शोधलं. मिळालं नाही.

नणंद घरी आली आणि चार दिवसांनी डावा पाय ओढत चालायला लागली. दुखत नव्हता, सुजला नव्हता. "जड झालाय," म्हणायची. मी तिला परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, काही निघालं नाही, अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मी नाचणीची पेज, सुकट, उडदाची डाळ, जे मिळेल ते तिला खाऊ घातलं. अंगावर मांस आलं. पाय तसाच. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली, ती दिसली नसती तर बरं झालं असतं. अंगणात ती कुठेही बसली तरी तिचा डावा पाय डोंगराकडे लांब केलेला असे. मी हसत हसत तिची बाज फिरवून ठेवली. थोड्या वेळाने बघते तर ही बाजेवर आडवी वळून बसलेली, मुलीला पाजतेय, पाय डोंगराकडे. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

कैनाडहून निरोपावर निरोप यायला लागले. जावई पोरीला बघून गेला, सव्वा महिना झाल्यावर न्यायला येतो म्हणाला. तो दिवस झाला. सासूने सांगितलं, नाय पाठवणार. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही नाय. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर त्याची आई आली. तिने चहाला हात लावला नाही आणि जाताना अंगणातून मोठ्याने सांगून गेली, की सून आठ दिवसांत आली नाही तर यायची गरजही नाही, पोर तेवढी आम्ही घेऊन जाऊ. नणंद आत भिंतीला टेकून ऐकत होती. तिचं हसणं त्या घरातून कधी गेलं ते मला कळलंच नव्हतं, तेव्हा कळलं.

मी सासूवर तुटून पडले. म्हटलं, तुमच्या एका मुळापायी लेकीचा संसार मोडतोय. ती म्हणाली, "दवाखान्यात नेऊन परत आणली ते वेगळं. बांधलेली पोर वरचीच्या हद्दीबाहेर, ओढ्यापलीकडं राहायला नेली तं संसार करायला उरंल का ती?" तिचे डोळे भरले होते. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला समजेना.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर कपडे धुताना नणंद मला म्हणाली, "वहिनी, मूळ मीच काढलं."

मी धोपटणं खाली ठेवलं.

"जीपमध्ये. दवाखान्यातल्या सिस्टर हसतील म्हणून. हळूच सरकवून काढलं आणि खिडकीतून टाकून दिलं. सूत तसंच ठेवलं, आईनं बघितलं तं तिला वाटावं आहे म्हणून."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. "अगं वेडे, मग मिटलं की! मूल व्हायच्या आधीच तू काढून टाकलंस. तुझ्या पायाला काही नव्हतंच. कसलं सोडायचं आणि कसलं बांधायचं!"

ती हसली नाही. पाण्यातला तिचा डावा पाय प्रवाहाच्या उलट दिशेला, वर, डोंगराकडे वळला होता. "मग वहिनी," ती म्हणाली, "मला हे ओढतंय काय?"

मी सासूला सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मला वाटलं होतं ती लेकीला फाडून खाईल. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला, आणि संध्याकाळी तांदूळ घेऊन एकटीच वर गेली. सकाळी आम्ही तिघी निघालो. बाळ माझ्या नवऱ्याकडे दिलं. तो या सगळ्यात काहीच बोलत नव्हता. आईपुढे तो लहानपणापासून गप्प, आणि माझ्यापुढे लग्नापासून.

मी त्या जागी याआधी कधी गेले नव्हते. उतारावरचे जुने खड्डे पाचोळ्याने भरले होते, ओळखू येत नव्हते, पाय टाकला की भसकन आत जायचा. कातळामागचा खड्डा मात्र स्वच्छ होता. आत एक पान नव्हतं. वर सागाचं झाड, आजूबाजूला घोटाभर पाचोळा, आणि हा खड्डा झाडून ठेवल्यासारखा. तिथे पाखरं बोलत नव्हती. मी मनात म्हटलं, सासूने काल साफ केला असेल. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही.

सासूने लेकीला कडेला बसवलं आणि डावा पाय आत सोडायला सांगितलं. मूळ काढताना आपण वीतभरच खणलं होतं, हे सासू स्वतः वाटेत मला सांगत आली होती. नणंदेचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. सासूने एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी माती लोटली, थापली, आणि तिच्यावर हात ठेवून बोलायला लागली. मंत्रबिंत्र काही नाही. शेजारणीशी बोलावं तसं.

"तुझं हरवलं. पोरीकडनं हरवलं, पोर लहान आहे. शोधून द्यायला माझ्याकडं नाय. हिला मूल आहे अंगावरचं. हिला सोड. मी कुठं जात नाय. मी इथंच आहे."

असं म्हणून तिने कमरेचं कच्चं सूत काढलं आणि स्वतःच्या डाव्या घोट्यावर बांधलं. मूळ नाही, नुसतंच सूत.

"काढ तिला," ती मला म्हणाली.

मी नणंदेच्या काखेत हात घालून उचललं. ती उठेना. मी नीट पाय रोवून जोर लावला. मी काही नाजूक बाई नाही, भाताची गोणी एकटी उचलते. पाय हलला नाही. माती नुकती टाकलेली, भुसभुशीत, आणि तिच्यातून एक पाय निघत नव्हता. नणंद "वहिनी, वहिनी" म्हणत होती, आणि मला स्पष्ट जाणवलं की मी जितकी ओढतेय तितकंच खालून ओढलं जातंय. जास्त नाही. तितकंच. माझ्या तोंडून शिवी गेली. कुणाला दिली ते मला माहीत नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता, तो कानाने नाही, दातांत कळला. कातळ हलला. सागावरची उरलीसुरली वाळकी पानं सगळी एकदम वाजली. आणि पाय सुटला, असा की आम्ही दोघी मागे उताणी पडलो.

उठून बघते तर सासू खड्ड्याच्या कडेला शांत बसली होती, आणि तिचा डावा पाय खड्ड्याकडे लांब केलेला होता.

उतरताना नणंद माझ्या पुढे होती. सरळ चालत होती. पायथ्याशी येईपर्यंत तर पळायला लागली, बाळाला भूक लागली असेल म्हणून. ताज्या हादऱ्याने मोकळी झालेली माती, मनातली भीती, मनातूनच गेलेला जडपणा, असं सगळं मी स्वतःला रीतसर समजावलं. आजही समजावते. ते समजावणं खरं असेल, पण माझ्या हातांना जी ओढ लागली ती या सगळ्यात कुठे बसत नाही.

आठ दिवसांच्या आत जावई आला आणि नणंद मुलीला घेऊन कैनाडला गेली. आम्ही सगळे ओढ्यापलीकडे जीपपर्यंत पोचवायला गेलो. सासू ओढ्याच्या अलीकडे थांबली. नणंदेने हाक मारली, बाळाचा हात धरून हलवला. सासूने अलीकडूनच हात हलवला. त्या दिवसापासून ती ओढ्यापलीकडे गेली नाही. पोरीचं नाव ठेवायला कैनाडला बोलावणं आलं, न्यायला गाडीही आली, तरी नाही. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, नातीचं तोंड बघायला जायचं नाही, असलं कसलं तुमचं देणंघेणं? ती म्हणाली, "कुठं जात नाय म्हणून सांगितलंय मी." ज्या बाईने सगळ्या पाड्याची पोरं हातात झेलली ती आपल्याच नातीच्या पाळण्याची दोरी ओढायला जाऊ शकली नाही. कैनाडला त्या समारंभात बायका गात होत्या आणि मी मागे उभी राहून रडत होते.

हादरे थांबले नाहीत, पण विरळ झाले, आणि पावसापर्यंत माणसं पुन्हा घरात झोपायला लागली. ते कशाने, हे मला विचारू नका.

आषाढात वरची उगवली. आम्ही मूळ नेलेल्या, रिकाम्या खड्ड्यातून. रोपवाटिकेतल्या बाईला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, कंदाचा तुकडा मागे राहिला असेल, तेवढा पुरतो. असेलही. तिने आनंदाने विचारलं की आता तरी कंद देता का. आधी मीच तिच्या बाजूने भांडले होते. आता मी म्हटलं, "शेंगा पिकल्या की बी न्या, हवं तेवढं न्या. खाली हात लावू नका." ती का म्हणून विचारेल असं वाटलं. तिने विचारलं नाही. बी चालेल, म्हणाली.

सासू रोज वर जायला लागली. जेवायच्या वेळेला उतरायची. श्रावणातल्या एका दुपारी उतरली नाही, म्हणून मी हाक मारायला गेले. पाऊस नुकता उघडला होता. ती कातळाला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, डोक्यावरचं घोंगडं खांद्यावर आलं होतं. वेल तिच्या बाजूने फुटली होती, छातीएवढी उंच, फुलांनी भरलेली. कळलावीच्या पानाचं टोक लांब होत जातं आणि हाताशी येईल त्याला वेटोळं घालतं. गवत असो, काटकी असो, कुंपण असो. हे मला माहीत आहे, पाड्यातल्या पोरालाही माहीत आहे. तीन पानांची टोकं सासूच्या घोट्याला वेटोळं घालून बसली होती. सुताच्या वरून. घट्ट, नीट, एकावर एक.

मी खाली बसले. नखाने तोडली असती तर क्षणात तुटली असती, कोवळी लुसलुशीत होती. माझा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. कापलेलं सुटत नाही. मी हाकही मारली नाही. सासूच्या छातीकडे बघत बसले, वर होते का, खाली होते का. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नाही, ना हादऱ्यांत, ना खड्ड्याशी.

तिने डोळे उघडले. आधी मला बघितलं, मग पायाकडे. तिला नवल वाटलं नाही. वाकून तिने एकेक टोक बोटाने उलट फिरवलं, सावकाश, लहान पोराची मूठ उघडावी तसं, आणि एकही तोडलं नाही. मग माझ्या खांद्यावर हात टेकून उठली.

"सोडलं आज," ती म्हणाली. "चल, भूक लागली."

मी तिचा हात धरला. पाड्यात पोचेपर्यंत मी तिच्यावर ओरडत होते, अशा ओल्यात कुणी झोपतं का, वय काय, अक्कल काय. ती हूं हूं करत होती. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "आता सोड की, भाकरी थापायची नाय का?" मला हात सोडता येईना.